उजनीचा जलाशय : भूगोल आणि जीवसृष्टी

युरोपच्या उत्तरेकडील देशांचा नकाशा पाहिला तर त्यावर निळ्या ठिपक्यांची दाटी दिसते. एकट्या फिनलंडमध्ये लहानमोठी लाखाहून अधिक सरोवरे आहेत. हिमयुगात या प्रदेशावर बर्फाचे जाड थर पसरले होते. ते सरकताना त्यांनी खडक कोरून काढला, आणि वितळताना त्या खोलगट भागांत पाणी मागे ठेवले. स्वीडनमधील व्हेनर्न किंवा फिनलंडमधील सायमा ही विस्तीर्ण सरोवरे अशा रीतीने निसर्गानेच घडविली आहेत.

दख्खनच्या पठाराची घडण निराळी आहे. येथे बर्फ आला नाही. ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरावर थर साचून हे पठार तयार झाले आणि पुढे नद्यांनी त्यावर रुंद, उथळ खोरी कोरली. पठाराला पूर्वेकडे मंद उतार असल्यामुळे पावसाचे पाणी येथे थांबत नाही, ते वाहून जाते. अशनीच्या आघाताने निर्माण झालेले लोणारचे सरोवर वगळले, तर महाराष्ट्राच्या पठारावर मोठे असे नैसर्गिक सरोवर जवळजवळ नाहीच. येथील विस्तीर्ण जलाशय माणसाने नद्या अडवून तयार केले आहेत. सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांच्या सीमेवर पसरलेला उजनीचा जलाशय हा त्यांपैकी सर्वांत मोठ्या जलाशयांमध्ये गणला जातो.

नदी, धरण आणि पाणी

भीमा नदी सह्याद्रीच्या माथ्यावर भीमाशंकर येथे उगम पावते. हा प्रदेश अतिवृष्टीचा आहे. तेथून नदी आग्नेय दिशेला वळते व थोड्याच अंतरात पर्जन्यछायेच्या कोरड्या प्रदेशात शिरते. इंदापूर, करमाळा, माढा या तालुक्यांत वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही दरवर्षी नेमाने पडेलच असे नाही. मात्र या भागात येण्यापूर्वी भीमेला भामा, इंद्रायणी, मुळा-मुठा व घोड या नद्या मिळालेल्या असतात. त्यामुळे जेथे पाऊस सर्वांत कमी, तेथून जाणाऱ्या नदीच्या पात्रात डोंगरावरचे पाणी मोठ्या प्रमाणात येते. उजनीच्या योजनेचा सारा आधार हाच आहे.

माढा तालुक्यातील उजनी गावाजवळ धरणाचे काम १९६० च्या दशकात सुरू झाले आणि १९८० साली ते पूर्ण झाले. धरणाची लांबी सुमारे अडीच किलोमीटर आहे. त्यामागे अडलेल्या पाण्याला यशवंतसागर असे नाव देण्यात आले. पूर्ण भरल्यावर हे पाणी तीनशे चौरस किलोमीटरांहून अधिक क्षेत्रावर पसरते आणि त्याचा फुगवटा नदीच्या पात्रातून दौंडच्या दिशेने दूरवर जातो. नद्यांच्या आणि ओढ्यांच्या मुखांतून पाणी आत शिरल्यामुळे जलाशयाचा काठ अतिशय नागमोडी झाला आहे. एका काठावरून समोर दिसणाऱ्या गावी रस्त्याने जायचे झाल्यास मोठा वळसा घ्यावा लागतो.

जलाशयाची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट आहे. एवढा साठा इतक्या विस्तृत क्षेत्रावर पसरलेला असल्याने पाण्याची सरासरी खोली दहा मीटरच्या आसपासच भरते. सह्याद्रीच्या कुशीतील धरणांचे पाणी अरुंद आणि खोल दरीत साठते, तर उजनीचे पाणी सपाट शेतजमिनीवर पसरले आहे. या उथळपणामुळे बाष्पीभवन फार होते, आणि अभियंत्याच्या दृष्टीने हा दोष आहे. जीवसृष्टीच्या दृष्टीने पाहता मात्र उजनीचे सारे वैशिष्ट्य या दोषातच सामावलेले आहे.

जिवंत साठा आणि मृत साठा

प्रत्येक धरणातील पाण्याचे दोन भाग मानले जातात. कालव्याच्या मुखापेक्षा उंचावर असलेले पाणी कालव्यातून सोडता येते, म्हणून त्यास उपयुक्त किंवा जिवंत साठा म्हणतात. त्याखालील पाणी मृत साठा होय. बहुतेक धरणांत मृत साठा अल्प असतो. उजनीत मात्र ११७ अब्ज घनफुटांपैकी सुमारे ६४ अब्ज घनफूट पाणी मृत साठ्यात मोडते. उरलेला सुमारे ५४ अब्ज घनफुटांचा जिवंत साठा वरच्या सहा मीटरांच्या थरातच असतो.

उजनीची पातळी सांगण्याची एक निराळी रीत यामुळे पडली आहे. जिवंत साठा संपला की पातळी शून्य टक्के झाली असे म्हणतात. परंतु त्यानंतरही पाणी उरलेलेच असते आणि ते खर्चही होत राहते. काठावरील उपसा पंप चालू असतात, उन्हाने पाण्याची वाफ होत असते, आणि खालच्या गावांना व शहरांना पिण्यासाठी नदीच्या पात्रात पाणी सोडावे लागते. म्हणून शून्याखाली ‘उणे’ टक्केवारी मोजली जाते. २०२४ च्या जून महिन्यात ही पातळी उणे साठ टक्क्यांच्या जवळ पोहोचली होती. याचा अर्थ असा की, जिवंत साठ्याच्या साठ टक्क्यांइतके, म्हणजे सुमारे ३२ अब्ज घनफूट पाणी मृत साठ्यातून गेले होते, आणि संपूर्ण जलाशयात एकूण क्षमतेच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपासच पाणी शिल्लक होते. त्याच वर्षी पावसाळ्यात जलाशय पुन्हा काठोकाठ भरला.

असा चढउतार दरवर्षी कमीअधिक प्रमाणात होतोच. जूनमध्ये पाणी सर्वांत खाली असते. जुलै ते सप्टेंबर या काळात वरच्या खोऱ्यातील खडकवासला, पानशेत, पवना, चासकमान, डिंभे इत्यादी धरणे भरतात आणि त्यांच्या सांडव्यांवरून आलेल्या पाण्याने उजनी भरू लागते. ऑक्टोबरात पाणी साधारणतः सर्वोच्च पातळीवर असते. त्यानंतर रब्बीची आणि पुढे उन्हाळी आवर्तने सुटतात व पाणी पायरीपायरीने उतरू लागते. काठाला उतार अत्यंत मंद असल्यामुळे पातळी एक मीटरने खाली गेली तरी चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. बर्फाळ प्रदेशातील सरोवराचा ऋतुक्रम गोठण्याने व वितळण्याने ठरतो. उजनीचा ऋतुक्रम या उघड्या पडत जाणाऱ्या चिखलाने ठरतो.

चिखलातील अन्न

दरवर्षी पुराबरोबर बारीक माती, कुजलेला पालापाचोळा आणि वरच्या शहरांतील सांडपाण्याचा अंश जलाशयात येतो. हा गाळ तळाशी बसतो. उथळ पाण्यात सूर्यप्रकाश तळापर्यंत पोहोचत असल्याने तेथे शेवाळ आणि पाणवनस्पती वाढतात. त्यांवर शिंपले, गोगलगाई, जलकीटकांच्या अळ्या आणि कृमी पोसले जातात. पाणी जसजसे मागे सरते, तसतसे हे अन्न पक्ष्यांच्या चोचीच्या आवाक्यात येते. एकाच दिवशी सर्व अन्न उघडे पडले असते तर त्याचा उपयोग थोडे दिवसच झाला असता. पाणी नोव्हेंबर ते मे असे सहा-सात महिने हळूहळू उतरत राहते, आणि पाण्याची कड रोज नव्या चिखलावर सरकते.

भिगवण, कुंभारगाव आणि डिकसळ या परिसरातील फुगवट्याचा भाग विशेष उथळ आहे. पक्ष्यांची गर्दी तेथे अधिक असते ती यामुळेच. या गर्दीत सर्वांत प्रसिद्ध पक्षी म्हणजे रोहित, ज्याला अग्निपंख असेही म्हणतात. त्याची बाकदार चोच अन्न टिपण्यासाठी नसून गाळण्यासाठी आहे. मान खाली घालून तो चोच उलटी करतो आणि पायांनी तळ ढवळतो. जिभेच्या जलद हालचालीने पाणी आत ओढून बाहेर टाकले जाते व चोचीच्या कडांवरील जाळीत सूक्ष्म जीव अडकतात. या अन्नातील रंगद्रव्यांमुळेच त्याच्या पंखांना गुलाबी छटा येते. तळापर्यंत मान पोहोचावी लागत असल्यामुळे खोल पाणी त्याच्या फारसे उपयोगाचे नसते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. पाऊस उत्तम झाला आणि हिवाळाभर जलाशय तुडुंब राहिला, तर शेतकऱ्याला समाधान वाटते, परंतु रोहित पक्षी उशिरा येतात किंवा थोड्या संख्येने येतात. पाणी वेळेवर उतरले तर त्यांचे थवे मोठे असतात. याउलट दुष्काळात पाणी फार लवकर आटले, तर चिखल वाळून कडक होतो, त्यातील जीव मरतात आणि पक्ष्यांना दुसरीकडे जावे लागते. जलाशय भरलेला असणे पक्ष्यांना पुरत नाही आणि तो आटलेला असणेही सोसत नाही. त्यांना हवे असते ते योग्य काळी, योग्य गतीने उतरणारे पाणी.

पाहुणे आणि रहिवासी

रोहित उजनीला घरटी करीत नाहीत. त्यांची प्रसिद्ध वीण-वसाहत कच्छच्या रणात आहे. तेथे ते चिखलाचे बुटके मनोरे रचून त्यांवर अंडी घालतात. उजनी हे त्यांचे अन्नाचे ठिकाण होय.

त्याहून दूरचा पाहुणा म्हणजे पट्टकादंब हंस. पांढऱ्या डोक्यावरील दोन काळ्या पट्ट्यांवरून तो सहज ओळखता येतो. उन्हाळ्यात तो तिबेट आणि मंगोलियातील सरोवरांच्या काठी वीण करतो आणि हिवाळ्याच्या तोंडावर हिमालय ओलांडून भारतात उतरतो. विरळ हवेतूनही पुरेसा प्राणवायू शोषून घेण्याची क्षमता त्याच्या रक्तात असते. उजनीच्या काठी तो ओलसर जमिनीवरील गवत आणि कोवळी पिके चरतो.

चक्रवाक, थापट्या व तलवार बदक ही बदकेही उत्तरेकडून येतात. थापट्या, तलवार बदक आणि मासे पकडणारी मोरघार या जाती उत्तर युरोपातील सरोवरांच्या परिसरातही वीण करतात. उजनीला येणारे पक्षी प्रामुख्याने मध्य आशिया आणि सायबेरियाच्या बाजूचे असले, तरी एकाच जातीची पाखरे फिनलंडच्या उन्हाळ्यात आणि सोलापूरच्या हिवाळ्यात दिसावीत, हे या जातींच्या विस्ताराचे द्योतक आहे.

वर्षभर राहणाऱ्या पक्ष्यांची संख्याही लहान नाही. राखी बगळा, पाणकावळा, शेकाट्या, नदी सुरय, चमच्यासारख्या चोचीचा दर्विमुख आणि हवेत एका जागी पंख फडफडवीत स्थिर राहून पाण्यात सूर मारणारा कवड्या खंड्या हे येथील नेहमीचे रहिवासी होत. काळ्या अंगाचा आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला एक पाणपक्षी मराठीत वारकरी या नावाने ओळखला जातो. हिवाळ्यात त्याचे मोठे थवे पाण्यावर तरंगताना दिसतात. हीच भीमा पुढे पंढरपुरास चंद्रभागा म्हणवते, हे लक्षात घेता या नावाला येथे वेगळीच शोभा येते.

चित्रबलाक हा मोठा करकोचा जलाशयावर मासे पकडतो, पण घरटी बांधतो ती जवळच्या भादलवाडीच्या तलावातील झाडांवर. झाडाभोवती पाणी असले म्हणजे रानमांजरासारख्या शत्रूंपासून पिलांचे रक्षण होते. त्या लहान तलावात पाणी नसेल, तर मोठ्या जलाशयातील विपुल मासे असूनही ही वीण धोक्यात येते. जलाशयाची जीवसृष्टी त्याच्या काठावर संपत नाही, याचे हे चांगले उदाहरण आहे. इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या गवताळ माळरानावर चिंकारा, लांडगा आणि खोकड यांचा वावर आहे. पाण्याच्या आधाराने ऊस जसजसा पुढे सरकतो, तसतसे असे माळ आक्रसत जातात.

पाण्याखालचा बदल

वाहती नदी अडविली की तिच्यातील मासेही बदलतात. महसीरसारख्या माशांना अंडी घालण्यासाठी वाहते, स्वच्छ पाणी आणि गोट्यांचा तळ लागतो. असा तळ गाळाखाली गेला. मासेमारीसाठी जलाशयात कटला, रोहू व मृगळ या उत्तर भारतातील नद्यांच्या माशांचे बीज सोडण्यात आले. परंतु आज भिगवणच्या बाजारात जो मासा विपुल दिसतो, तो चिलापी होय. हा मूळचा आफ्रिकेतील मासा १९५० च्या दशकात भारतात आणला गेला. स्थिर, उथळ आणि काहीसे दूषित पाणीही त्याला मानवते. त्याची मादी अंडी व पिले तोंडात सांभाळते, त्यामुळे त्याची वाढ झपाट्याने होते. मच्छीमारांच्या अनेक कुटुंबांचा संसार आज त्यावर चालतो, आणि लहान आसाची जाळी लावून कोवळे मासे उपसले गेले तर त्याचा फटकाही प्रथम त्यांनाच बसतो.

पाण्याचा दर्जा ही याहून मोठी चिंता आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या शहरांचे सांडपाणी मुळा-मुठा व इंद्रायणी या नद्यांतून अखेर उजनीस येते. त्यातील नत्र आणि स्फुरद ही जणू पाण्यास घातलेली खतेच होत. उन्हाळ्यात पाणी कमी होताच ती अधिक तीव्र होतात आणि जलाशयाच्या मोठ्या भागावर हिरव्या शेवाळाचा तवंग येतो. मर्यादित प्रमाणात असेपर्यंत हीच खते अन्नसाखळीस पोषक ठरतात. मर्यादा ओलांडली की मेलेले शेवाळ कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. पक्ष्यांची संख्या मोठी आहे म्हणून पाणी निर्मळ आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

काठावरची माणसे

जलाशयाच्या तळाशी शेते, रस्ते, घरे आणि देवळेही आहेत. भीमाकाठची काळी जमीन सोडून अनेक गावांना १९७० च्या दशकात वर सरकावे लागले. पळसदेव येथील पाण्याखाली गेलेले जुने पाषाणी मंदिर पाणी फार खाली गेलेल्या उन्हाळ्यात उघडे पडते, आणि त्या वर्षी स्थलांतरित गावकरी पुन्हा त्याच्या पायऱ्यांवर उभे राहू शकतात.

पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीस गाळपेर म्हणतात. त्या ओलीवर शेतकरी एखादे पीक घेतात. पट्टकादंब हंस चरतात तो पट्टा हाच, आणि उपसा पंपांचे नळ पाण्यामागे पुढे सरकतात तेही याच पट्ट्यातून. सोलापूर जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने उभे राहिले, त्यांतील पुष्कळांचा ऊस उजनीच्या पाण्यावर पिकतो. खाली सोलापूर शहरासाठी नदीच्या पात्रातून औजच्या बंधाऱ्यापर्यंत पाणी सोडावे लागत असे, आणि आषाढी वारीच्या वेळी चंद्रभागेच्या वाळवंटातही उजनीचेच पाणी पोहोचते.

जलाशयाने काही गावांची वाटही तोडली. करमाळा आणि इंदापूर तालुक्यांतील लोक बाजार, दवाखाना व शिक्षण यांसाठी बोटीने ये-जा करीत आले आहेत. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. नकाशावर शांत दिसणारे हे पाणी वारा सुटला म्हणजे समुद्रासारखे खवळते. त्याचवेळी याच पाण्याने भिगवण-कुंभारगावच्या तरुण मच्छीमारांना नवा व्यवसायही दिला आहे. हिवाळ्यात ते प्रवाशांना होडीतून पक्षी दाखविण्यास नेतात, आणि कोणता पक्षी कोणत्या खाडीत उतरला आहे याची माहिती त्यांच्याइतकी इतरांस क्वचितच असते.

पातळीचा निर्णय

फिनलंडच्या सायमा सरोवरात एक वलयांकित सील राहतो. हिमयुगानंतर जमीन वर उचलली गेली, समुद्राशी संबंध तुटला आणि सीलची ही शाखा नऊ हजारांहून अधिक वर्षे गोड्या पाण्यात अडकून पडली. जगात ती अन्यत्र कोठेही नाही. मादी काठावरील बर्फाच्या ढिगात बीळ करून पिलास जन्म देते. हिवाळ्यात सरोवराची पातळी एकाएकी खाली गेली तर बीळ कोसळून पिले दगावतात. १९८० च्या दशकात या सीलची संख्या दोनशेहूनही कमी होती. पुढे मासेमारीच्या जाळ्यांवर निर्बंध आले, बर्फ कमी पडल्यास लोक हाताने ढीग रचू लागले, आणि सरोवरातून पाणी केव्हा व किती सोडावे हे ठरविताना पिलांचाही विचार होऊ लागला. आज ही संख्या चारशेच्या वर गेली आहे.

उजनीतील पाण्याची आवर्तने कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतात. तेथे शेती, पिण्याचे पाणी आणि उद्योग यांचे हिशेब मांडले जातात, आणि तहानलेल्या जिल्ह्यात ते अपरिहार्यही आहे. गोदावरीवरील जायकवाडीच्या जलाशयास १९८६ साली पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयाचा २०२० साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळांत समावेश झाला. उजनीची गणना मात्र आजही प्रथम सिंचन प्रकल्प म्हणूनच होते.

उजनीच्या पक्ष्यांसाठी वेगळे पाणी राखून ठेवण्याची आवश्यकता नाही. जे पाणी शेतास आणि शहरास जायचेच आहे, ते कोणत्या महिन्यात किती वेगाने उतरावे, तळाचा गाळ कोठून व केव्हा काढावा, आणि वरच्या शहरांनी नदीत काय सोडावे, एवढेच प्रश्न आहेत. यांपैकी अखेरच्या प्रश्नाचे उत्तर पक्ष्यांइतकेच सोलापूरच्या नळाखाली घागर धरणाऱ्या माणसालाही हवे आहे. अभियंत्यांच्या हिशेबात ज्यास मृत साठा म्हणतात, त्या पाण्यावर मे महिन्यात मच्छीमाराचे जाळे पडते, गावोगावच्या पिण्याच्या पाण्याच्या योजना चालतात आणि कच्छकडे निघण्यापूर्वी रोहितांचे थवे आपले अखेरचे अन्न गाळून घेतात.